डब्यात काय आहे?

छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरलं की गर्दी इंजिनाभोवती होते. काळंकुळकुळीत वाफेचं इंजिन, चाकांबरोबर मागेपुढे होणारे त्याचे दांडे, खरीखुरी वाटणारी शिट्टी. मुलं रुळांच्या कडेकडेने त्याच्यामागे पळतात आणि त्यांचे बाबा हळूच किंमत विचारतात. या छंदात मुरलेला माणूस मात्र इंजिनावर एक नजर टाकून मागच्या डब्यांकडे वळतो. त्याचा प्रश्न साधा असतो. या डब्यात काय आहे? ते कोणी भरलं, कुठे चाललंय, आणि दोन दिवस उशिरा पोचलं तर कोणाच्या पोटावर पाय येईल? याचं उत्तर मालकाला देता आलं नाही तर गाडी कितीही देखणी असो, ती नुसती गोल गोल फिरते.

या प्रश्नापायीच अमेरिकेतल्या हजारो हौशी माणसांनी कत्तलखाने, धान्याची कोठारं, कोळशाच्या खाणी, लाकडाच्या वखारी आणि दूधसंकलन केंद्रं यांचा असा अभ्यास केला, की पगारी इतिहासकारांनी तोंडात बोट घालावं. रेल्वे स्वतः फारसं काही पिकवत नाही की घडवत नाही. ती दुसऱ्यांचा माल वाहते. त्यामुळे रेल्वे समजून घ्यायची तर ते दुसरे समजून घ्यावे लागतात. या प्रकरणात आपण त्यांतला एकच धंदा घेऊ, कारण तो सगळ्यांत विचित्र होता आणि आज तो पूर्ण बुडाला आहे: रेल्वेला बर्फ भरण्याचा धंदा.

त्याआधी छंदाची थोडी जन्मकथा. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात 1859 मध्ये सुरू झालेली मेर्कलिन ही कंपनी आधी बाहुलीघरातली पत्र्याची भांडी करायची. 1891 च्या लाइपझिग जत्रेत तिने ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली रेल्वे मांडली. मापं ठरलेली असल्याने आज गाडी घ्यावी, पुढच्या नाताळला सांधा घ्यावा, त्यापुढच्या नाताळला स्टेशन, अशी ती वाढवत नेता येई. दुकानदारीच्या दृष्टीने याला अक्कलच म्हणायला हवी. पुढे न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल काउएन याने 1900 च्या सुमारास विजेवर चालणारी एक गाडी केली. ती खेळणं म्हणून केलेली नव्हती. दुकानाच्या काचेआड माल फिरवून गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायचं, एवढंच तिचं काम होतं. गिऱ्हाइकं माल सोडून गाडीच मागायला लागली आणि लायोनेल कंपनी उभी राहिली. गंमत अशी, की तिचं पहिलं वाहन इंजिन नव्हतंच; खाली मोटर बसवलेली ती एक उघडी वाघीण होती.

खेळण्याचं मॉडेल झालं ते 1930 च्या दशकात. मिलवॉकी शहरात 1934 च्या जानेवारीत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक सुरू झालं आणि 1935 मध्ये तिथेच अमेरिकेतल्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रुळांची, चाकांची मापं एक झाली, म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर धावू लागला. आज सर्वांत लोकप्रिय आहे ते एचओ प्रमाण, म्हणजे मूळ वस्तूच्या 87 व्या हिश्शाएवढं. 40 फुटी डबा त्यात साधारण 14 सेंटिमीटर होतो आणि माणूस 2 सेंटिमीटर.

पण खरी कलाटणी दिली ती लुइझियानातल्या फ्रँक एलिसन या गृहस्थाने. त्याचं म्हणणं असं, की मांडणी म्हणजे रंगमंच आहे, गाड्या ही पात्रं आहेत आणि वेळापत्रक ही संहिता. पात्राला रंगमंचावर यायला काही कारण लागतं. नुसतं सुंदर दिसणं पुरत नाही. या विचारातून पुढे जे रूढ झालं त्याला हौशी लोक ‘ऑपरेशन’ म्हणतात. प्रत्येक डब्याचं एक कार्ड असतं. त्या कार्डाच्या खिशात एक चिठ्ठी, म्हणजे डब्याची बिल्टीच: अमुक माल, अमुक ठिकाणाहून, अमुक व्यापाऱ्याकडे. शनिवारी संध्याकाळी पाच-सात मित्र जमतात. कोणी यार्डमास्तर होतो, कोणी ड्रायव्हर, कोणी कंट्रोलर. भिंतीवर एक मुद्दाम जलद पळणारं घड्याळ असतं. खऱ्या एका तासात त्यावर चार तास उलटतात. डबा ठरलेल्या साइडिंगला लागला की चिठ्ठी उलटायची, तो रिकामा झाला असं धरायचं आणि त्याला नवं काम द्यायचं. तीन तास शंटिंग करून मंडळी घामाघूम होतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं. असेलही.

इथे अडचण येते ती जागेची. शिकागोचा प्रसिद्ध गुरांचा बाजार, युनियन स्टॉक यार्ड्स, 1865 च्या नाताळच्या दिवशी उघडला आणि वाढत वाढत सुमारे 475 एकरांवर पसरला. एचओ प्रमाणात तो जसाच्या तसा करायचा तर जवळपास 52 फूट लांब आणि तितकीच रुंद खोली लागेल, आणि त्यात दुसरं काहीही मावणार नाही. मग काय ठेवायचं, काय गाळायचं? जो धंदा आपल्याला कळलेला नाही त्यातलं काय गाळावं हेही कळत नाही. गुरांचे डबे ठेवले आणि वाटेत पाणी-चाऱ्याचे गोठे गाळले, तर जाणकार लगेच पकडतो: 1873 च्या कायद्याने गुरांना सलग 28 तासांपेक्षा जास्त वेळ डब्यात ठेवायला बंदी होती, मग तुमची गुरं उतरतात कुठे?

या गुरांपासूनच आपला बर्फ सुरू होतो.

बर्फ विकायची वस्तू झाली ती रेल्वेच्याही आधी. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1806 मध्ये तळ्यातला बर्फ जहाजातून कॅरिबियन बेटांवर नेला, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. 1833 मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणं, आणि तरी निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत. भुशात नीट गाडलेला बर्फ किती टिकतो, हे त्यातून जगाला कळलं. त्यापाठोपाठ मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरू लागला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 1853 मध्ये सुटली, त्याच्या कितीतरी आधी मुंबईतल्या श्रीमंतांच्या पेल्यात मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ किणकिणत होता.

अमेरिकेत हाच बर्फ रेल्वेच्या डब्यात चढला तो मांसासाठी. शिकागोला गुरं पश्चिमेकडून यायची आणि तिथून जिवंतच पूर्वेच्या शहरांना जायची. यात व्यापाऱ्याचं नुकसान उघड होतं. जनावराच्या वजनातला मोठा भाग खाण्याजोगा नसतो, पण भाडं पूर्ण वजनाचं. शिवाय वाटेत जनावरं वाळायची, मरायची. मांसच पाठवलं तर? डेट्रॉइटच्या विल्यम डेव्हिसने 1868 मध्ये बर्फाच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि जॉर्ज हॅमंड या मांसव्यापाऱ्याने ते वापरलं. त्या डब्यात मांसाचे मोठाले तुकडे वरून टांगलेले असत. वळणावर गाडी जोरात आली की सगळं मांस एका बाजूला झुलायचं, आणि काही डबे रुळांवरून घसरलेसुद्धा.

हा घोळ सोडवला गुस्टावस स्विफ्ट या मांसव्यापाऱ्याने नेमलेल्या अँड्र्यू चेस या अभियंत्याने, 1878 मध्ये. बर्फ वरच्या कप्प्यात, मांस खाली दाबून भरलेलं, आणि थंड हवा आपल्या वजनाने खाली उतरून फिरत राहील अशी वाट. तत्त्व एवढंच. डबा तयार झाला, पण ओढणार कोण? मोठ्या रेल्वे कंपन्यांनी नकार दिला. गुरांचे डबे, गोठे, वजनकाटे यांत त्यांचे पैसे अडकले होते आणि वजनदार जनावराचं भाडं सोडून हलक्या मांसाचं भाडं घ्यायला त्या तयार नव्हत्या. शेवटी स्विफ्टने कॅनडातून वळसा घालून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रेल्वेला गाठलं. तिला गुरांच्या वाहतुकीत फारसं मिळत नव्हतं, त्यामुळे गमावण्यासारखंही काही नव्हतं. डबे स्विफ्टचे स्वतःचे, रूळ ग्रँड ट्रंकचे. लांबचा रस्ता घेऊनही मांस बोस्टनला स्वस्त पडलं आणि बाकीच्या रेल्वे मुकाट्याने रांगेत आल्या. अमेरिकी मालगाडीत रेल्वेच्या नावाऐवजी मांस कंपन्यांची नावं असलेले इतके डबे का दिसतात, याचं मूळ या नकारात आहे.

मांसामागून फळं आली. कॅलिफोर्नियात संत्री, द्राक्षं, पीच पिकत होते आणि खाणारी तोंडं चार-साडेचार हजार किलोमीटर पूर्वेला होती. बर्फाचे डबे आर्मर या दुसऱ्या मांससम्राटाच्या हातात, आणि तो बर्फाचे दर मनाला येतील ते लावतो अशी बागायतदारांची ओरड. 1906 मध्ये हेपबर्न कायद्याने ही सेवा सरकारी नियंत्रणाखाली आली. त्याच वर्षी युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वेंनी मिळून ‘पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस’ ही स्वतःची कंपनी काढली. 1907 मध्ये ती सुमारे 6,600 डब्यांनिशी सुरू झाली आणि ऐन भरात तिच्याकडे 40 हजारांच्या आसपास डबे होते. बाजू नारिंगी-पिवळ्या, छत आणि टोकं तांबडी. मॉडेलवाल्यांच्या कपाटात हा डबा नाही असं सहसा होत नाही.

आता तो डबा जवळून पाहू. दोन्ही टोकांना जमिनीपासून छतापर्यंत जाळीचा एकेक कप्पा. छताच्या चार कोपऱ्यांत चार झडपा. बर्फ तिथून आत पडतो. दोन्ही कप्पे मिळून साधारण साडेचार-पाच टन बर्फ. कप्प्याच्या तळाकडून थंड हवा मालात शिरते, तापून वर जाते आणि वरच्या फटीतून पुन्हा बर्फाकडे येते. वितळलेलं पाणी खालच्या नळीतून रुळांवर. कुठे मोटर नाही, कुठे गॅस नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चाकाच्या फिरण्यावर चालणारे पंखे बसू लागले. बाजूच्या खालच्या कडेला त्यांची एक छोटी चकती दिसते. मॉडेलवर ती चकती असेल तर गाडी 1925 सालची आहे असं सांगण्याची सोय राहत नाही.

बर्फ भरला जाई तो फलाट माणसं चढण्याचा नव्हता. तो डब्याच्या छताइतका उंच, लाकडी, अरुंद आणि शेकडो मीटर लांब असे. दोन्ही बाजूंना रूळ, मधून सरकणारी साखळी. साखळीवरून बर्फाच्या 300 पौंडी, म्हणजे 136 किलोच्या लाद्या येत. लांब आकडीने कामगार लादी ओढायचा, पहारीने तिचे तुकडे करायचा, फळीवरून सरकवून झडपेत ढकलायचा आणि पुढच्या डब्याकडे वळायचा. पायाखाली ओली फळी, खाली डब्यांची फट, हातात दांडा, आणि नाशवंत मालाच्या गाडीला थांबायला वेळ नाही. कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिलचा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या बर्फ कारखान्यांत गणला जाई. त्याआधी सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या ट्रकी भागातल्या तळ्यांचा बर्फ हिवाळ्यात कापून भुशात साठवत.

मांसाला नुसता बर्फ पुरत नसे. त्यात जाडं मीठ मिसळायचे. घरी पॉटचं आइस्क्रीम फिरवलेल्या कोणालाही हे सांगायला नको: मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खाली उतरतो. पण मग निथळणारं पाणी खारं. ते रुळांवर, पुलांच्या गर्डरांवर ठिबकत राहिलं तर लोखंड खाऊन टाकतं. म्हणून मांसाच्या डब्यांत ते पाणी अडवून ठेवायचं आणि बर्फफलाटाच्या ठिकाणीच सोडायचं, असा नियम करावा लागला. मॉडेलला ‘जुनं’ करताना चांगला कारागीर फळांच्या डब्याला धूळ देतो, पण मांसाच्या डब्याच्या कोपऱ्यांवर गंजाचे ओघळ रंगवतो. ते ओघळ मिठाचे असतात.

आणि हिवाळ्यात सगळं उलटं. आयडाहोचे बटाटे बर्फाळ मुलखातून नेताना ते गोठू नयेत म्हणून त्याच बर्फाच्या कप्प्यात कोळशाच्या शेगड्या ठेवत. काही मालाला दोन्ही नको, नुसती हवा हवी. तेव्हा छताच्या झडपा टेकू देऊन अर्धवट उघड्या ठेवत. झडप बंद की उघडी, एवढ्यावरून आत काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला जायला आठवड्याहून अधिक लागे आणि वाटेत पुन्हापुन्हा बर्फ भरावा लागे. एखादा फलाट चुकला की माल गेला. स्टाइनबेकच्या 1952 च्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ कादंबरीत ॲडम ट्रास्क बर्फात घातलेला लेट्यूस पूर्वेला पाठवतो, गाडी वाटेत रखडते आणि पोचतो तो चिखल. नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या धंद्यातली सर्वांत हुशारीची चाल मात्र बर्फात नव्हती, कागदात होती. बरेचदा माल विकला जाण्याआधीच डबा भरून पूर्वेकडे रवाना होई. गिऱ्हाईक कोण, गाव कोणतं, काही ठरलेलं नाही. गाडी निघाली आणि दलाल तारायंत्राजवळ बसला. शिकागोत भाव पडले, फिलाडेल्फियात चढले, की वाटेतच तार करून डब्याचा पत्ता बदलायचा. अशा डब्यांना ते ‘रोलर’ म्हणत. एकाच डब्याचा मालक प्रवासात दोन-तीनदा बदलणं काही नवल नव्हतं. आपल्याकडचा अडत्या मार्केट यार्डात उभा राहून जो खेळ खेळतो, तो ही मंडळी धावत्या गाडीत खेळत होती. ऑपरेशन करणारे मॉडेलवाले यावर जीव टाकतात. सगळं शंटिंग नीट लागलेलं असतं आणि कंट्रोलर ओरडतो, तो सहावा डबा काढा, आता तो क्लीव्हलँडला जायचाय.

पश्चिमेची फळं सोडून दक्षिणेकडे पाहिलं तर केळ्याची कथाही तितकीच न्यारी आहे. मध्य अमेरिकेतून जहाजाने न्यू ऑर्लिन्सला उतरलेली केळी इलिनॉय सेंट्रल रेल्वेने उत्तरेला जात. वाटेत केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवर फुल्टन नावाचं गाव लागे. तिथे केळीगाड्या फोडून वेगवेगळ्या दिशांना लावत आणि डब्यांना बर्फ भरत. केळीचं एक रोपही न उगवणारं हे गाव त्या जोरावर केळ्याची राजधानी म्हणवू लागलं आणि 1960 च्या दशकात तिथे केळी महोत्सवसुद्धा भरू लागला.

आता खेळण्याच्या कंपन्यांनी करून ठेवलेला एक घोटाळा. 1920 च्या दशकात बर्फाचे डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी डब्याच्या बाजू जाहिरातीसाठी दिल्या: लोणी, चीज, मांस, कोंबड्या, सगळ्यांची भडक चित्रं. तक्रार अशी झाली, की भाडोत्री डब्यांच्या आडून बड्या व्यापाऱ्यांना सवलती मिळतात. शिवाय एका कंपनीची जाहिरात असलेल्या डब्यात दुसरा आपला माल का घालेल? 1934 मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने निकाल दिला आणि हे रंगीत डबे टप्प्याटप्प्याने रुळांवरून गेले. दारूबंदी उठली होती 1933 च्या डिसेंबरात. म्हणजे दारूबंदीनंतरच्या बिअर कंपन्यांना अशा जाहिरातीच्या डब्यांसाठी जेमतेम तीनेक वर्षं मिळाली. पण दुकानात जा: बिअरच्या जाहिरातींचे डबे ढिगाने, आणि लोक ते 1960 च्या डिझेल इंजिनामागे जोडतात. रंग छान दिसतात, हे खरं. ज्याला हौस आहे त्याने जरूर जोडावेत. फक्त त्याला इतिहास म्हणू नये.

बर्फफलाट मॉडेलवाल्यांचा लाडका का, हे आता कळेल. बहुतेक उद्योगांत डबा येतो, भरतो, जातो. फळांचा डबा मात्र आधी रिकामा येतो, झाडून साफ होतो, फलाटावर बर्फ खातो, मग बागेजवळच्या भरणी-गोदामात माल घ्यायला जातो, परत येऊन वितळलेला बर्फ भरून काढतो आणि तेव्हा कुठे पूर्वेला निघतो. एका डब्याची चार कामं, आणि प्रत्येकाला जलद घड्याळाची मुदत. दोन हात लांबीच्या फळीवर एवढं नाट्य दुसऱ्या कुठल्या धंद्यात बसत नाही. लाद्या करायला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आणतात आणि सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे कापून कडा किंचित घासतात, म्हणजे त्या धुरकट दिसतात. मग चिमट्याने एक लादी फळीवर, एक झडपेच्या तोंडाशी, एक खाली पडून फुटलेली. तिसरी लावणारा कारागीर मला जास्त आवडतो. प्रत्येक लादी जागेवर पोचते असा बर्फफलाट कधी झाला नसेल.

महायुद्धानंतर गोठवलेल्या अन्नाचा, विशेषतः संत्र्याच्या घट्ट रसाचा खप वाढला. त्याला बर्फ-मीठ पुरेना, म्हणून डिझेलवर चालणारे शीतडबे आले. महामार्ग झाले आणि फळं ट्रकवर गेली. 1970 च्या दशकात बर्फफलाट बंद पडले, शिकागोचा गुरांचा बाजार 1971 मध्ये मिटला, आणि 1978 मध्ये पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसची दोन मालकांत वाटणी झाली.

मग हे सगळं आज आपल्याला ठाऊक कसं? बऱ्याच अंशी हौशी लोकांमुळे. कंपन्या मिटल्या की नकाशे, बिल्ट्या, डब्यांच्या नोंदवह्या रद्दीत जातात. मॉडेलवाल्याला मात्र त्यांचीच गरज असते, कारण झडपेची बिजागरी कोणत्या बाजूला होती हे त्याला अंदाजाने रंगवता येत नाही. अमेरिकेत एकेका बंद पडलेल्या रेल्वेच्या नावाने इतिहास मंडळं आहेत आणि त्यांच्या सभासदांत मॉडेलवाल्यांचा भरणा मोठा. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसवरचा 1992 चा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ थॉम्पसन, चर्च आणि जोन्स या तिघांनी लिहिला तो याच वर्तुळात. बर्फाचा दर, डब्याचा रंग, फलाटाची रचना यांसाठी शेती-अर्थशास्त्राचे अभ्यासकही तो उघडतात तर आश्चर्य नाही.

आपल्याकडे हा छंद लहान आहे, पण नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे आणि तिथली मांडणी पाहून बाहेर पडणारी मुलं पुढचा आठवडाभर घरच्यांना छळतात. उणीव आहे ती मालाची. आपली मॉडेलं राजधानी आणि डेक्कन क्वीनवर थांबतात. सावदा-रावेरहून दिल्लीकडे जाणाऱ्या केळ्याच्या वाघिणींचं मॉडेल करावं असं फारसं कोणाला वाटत नाही. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली तेव्हा तिचे फोटो सगळीकडे छापून आले. ते डबे साधे पार्सलचे होते, शीतडबे नव्हते. पण कोणत्या स्टेशनात काय भरलं, फलाटावर क्रेट कसे रचले, डब्याची दारं किती रुंद, हे मोजून ठेवणारे किती होते?

तुमच्या गावचा मालधक्का अजून उभा असेल, तर या महिन्यात एकदा परवानगी काढून तिथे जा. टेप आणि वही न्या. छपराची उंची, धक्क्याची लांबी, वजनकाट्याची जागा उतरवून घ्या. केळी, कांदा, साखर, कापूस, जे भरलं जाई ते भरणारे हमाल आणि माल तपासणारे जुने कारकून आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना विचारा, की एका वाघिणीत किती माल मावायचा, खाली काय अंथरायचे आणि कुठला माल कुठे जायचा. इंजिन नंतर घेता येईल, ते दुकानात मिळतं.